दीड तासाचं काम

माझ्या थोरल्या बहिणीचा नातू रोहित आठवड्याचे सहा दिवस गाडीनं ऑफिसला जातो आणि रविवारी तीच गाडी शर्यतीत पळवतो. थांबल्या जागेवरून सरळ पुढे, पाव मैल, संपलं. गेल्या पावसाळ्यात त्यानं मला फोनवर दोन फोटो पाठवले. शॉकअपच्या दोन जोड्या होत्या. गाडीच्या कमानी वर-खाली होताना त्यांना आवरून धरणारी ही नळकांडी. गॅरेजात सगळे त्यांना शॉकअपच म्हणतात. दोन्ही जोड्यांचा कडकपणा कमी-जास्त करता येणारा. एकीला वर घुंडी होती, बोटांनी फिरवायची. दुसरी जास्त कडक होऊ शकत होती, पण बदल करायचा तर गाडीखाली शिरून ती खोलून काढावी लागत होती. रोहितनं लिहिलं होतं, ‘आजोबा, रोज चालवायची भी आहे अन् पळवायची भी. कोणते घेऊ?’ मी लगेच कळवलं, घुंडीवाले घे. त्यानं विचारलं, ‘काहून?’  मी फोन उशाशी ठेवला आणि छताकडे बघत राहिलो. हाच प्रश्न मला विशीत पडला होता, आणि मी दुसरी जोडी घेतली होती.

आमचं घर नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत आबांचा, माझ्या वडिलांचा, माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचा जुना माग. सकाळी मला जाग यायची ती धोट्याच्या आवाजानं. आधी शेजारच्या घरातून एक खटका, मग आमच्या घरातून त्याला जबाब दिल्यासारखा दुसरा, आणि मग सगळी गल्ली चालू. मी मोठा होईपर्यंत त्यातले बरेच माग बंद पडले होते. कुणी गिरणीत लागलं, कुणी पानटपरी टाकली. आबांचा चालूच होता. रविवारी आई पाट्यावर मसाला वाटायची. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, आणि त्यात असं काही तरी, जे तिनं वहिनीलाही नीट सांगितलं नाही. मटणाच्या रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडाशीच गाठायचा. वर तांबड्या तेलाचा बोटभर थर, खाली भाकर कुस्करलेली, आणि आबांचं नाक पुसत पुसत म्हणणं, “आज जरा तिखट कमीच झालं वं.” असा रस्सा आता नागपुरात पावलोपावली मिळतो. मी खातो. तिखट असतो.

आबांची एक सवय मला इथे नीट सांगितली पाहिजे. संध्याकाळी मागावरून उठण्याआधी ते उजव्या हाताशी असलेल्या खुंटीची दोरी ढिली करत. दिवसभर तारेसारखा ताठ असलेला ताणा जरासा झोळ खाऊन विसावे. मग त्यावरून ते एकदा तळहात फिरवत, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “सूत भी थकते बापा,” ते म्हणत, “काम झालं का ताण सोडून द्यावा.” घाई असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो, ही दोरी ढिली केल्याशिवाय ते कधी उठले नाहीत. आणि घरात कुणी विसरभोळेपणा केला, चूल तशीच ठेवली, दार उघडं टाकलं, की त्यांचा एकच प्रश्न असे, “सोडला का ताण?”

चाळीस वर्षं खड्ड्यात बसून त्यांची कंबर गेली होती. माझी थोरली बहीण सुमन नरखेड तालुक्यात दिली होती. तीही माणसं मुळात विणकरच, पण आता संत्र्याची बाग करणारी. लग्नानंतर आबा एकदा एसटीनं तिच्याकडे गेले आणि परत आल्यावर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हापासून त्यांचं जाणं थांबलं. सुमनताईवर त्यांचा फार जीव. तिच्यासाठी मागावर एक लुगडं कायम चढलेलं असे. ते विणून पुरं होई आणि पेटीत पडून राही.

म्हणून आमच्या थोरल्या भावानं, दादानं, जुनी मोटार घेतली. विलायती बनावटीची, काळी, जडशीळ. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव म्हैस ठेवलं. एरवी दादा काटोलच्या व्यापाऱ्यांना भाड्यानं आणत-नेत असे. पण महिन्यातला एक रविवार आबांचा. त्या दिवशी मी गाडी चालवायचो, आबा मागच्या सीटवर, मांडीवर लुगड्याचं गाठोडं. मी तेव्हा गुलाबराव मिस्त्रींच्या गॅरेजात कामाला होतो. म्हशीचं इंजिन मीच उघडलं, घासलं, बसवलं, आणि ते बसवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या हाताखाली काही तरी भलतंच जोरदार तयार झालं आहे.

शहराबाहेर एक सरळ रस्ता होता. नवा झाल्यावर जुना ओस पडलेला. त्यावर फर्लांगाचे चुना लावलेले दगड अजून उभे होते. शनिवारी उजाडता उजाडता तिथे दहा-बारा जण जमत. एका दगडापासून तिसऱ्या दगडापर्यंत, म्हणजे दोन फर्लांग. आम्ही त्या शर्यतीला ‘दोन फर्लांग’च म्हणायचो. कुणाची जीप, कुणाच्या सासऱ्याची मोटार. शर्यत संपली की टपरीवर तर्रीपोहे आणि तासभर भांडण. ती हवा, डिझेलचा आणि ओल्या गवताचा मिसळलेला वास, इशारा करणाऱ्याचा हात खाली पडण्याआधीचा तो एक क्षण. मी आज सत्तरी ओलांडली आहे. संसार झाला, मुलं झाली, गॅरेज काढलं, मोडलं. पण खरं सांगायचं तर त्या एका क्षणाइतका मी पुन्हा कधी जिवंत नव्हतो. तो चांगला नव्हता, असं मला इथे लिहिता येत नाही.

म्हैस मात्र हरायची. जोर होता, पण क्लच सोडला की मागची चाकं जमिनीवर उड्या मारायची आणि जीपवाला हसत पुढे निघून जायचा. गुलाबराव म्हणाले, “मागचे शॉकअप मेले तुझे. कडक टाक.” कडक टाकले तर आबांची कंबर. दादानं तर आधीच सांगून ठेवलं होतं, “हे पाह्य वसंता, गाडी आबासाठी घेतली आहे. तुह्या शर्यतीपायी त्यायले एक दचका जास्त बसला, तर त्या दिवशी विकतो.” दादा बोलला की करायचा.

तेव्हा कुठून तरी मला कळलं की नरम-कडक करता येणारे शॉकअप असतात. कबाड्याकडे परदेशी गाड्यांचे मोडलेले भाग येत. त्याच्याकडे दोन जोड्या निघाल्या, रोहितच्या फोटोंसारख्याच. एक घुंडीची. दुसरी बिनघुंडीची, ती काढून, पूर्ण दाबून, मग पिळायची. मी दोन्ही घरी आणल्या आणि अंगणात पोत्यावर मांडल्या. आबा मागावरून उठून आले. त्यांनी एकेक नळकांडं जमिनीवर उभं धरलं, तळहातानं दाबलं आणि ते वर येताना डोळे मिटून हात तसाच राहू दिला. ताण्याला लावत तसाच हात.

“हे घे,” ते घुंडीवाल्याला म्हणाले. “याचा ताण उभ्या उभ्या सोडता येते.”

“पण आबा, हे दुसरं जास्त कडक होते. याले घुंडी नाही म्हणून काय झालं, काढाचं अन् पिळाचं.”

“किती वेळ लागते काढाले?”

“दोन्हीले मिळून दीड तास.”

“दर वेळी?”

“मी करीन ना आबा. शनिवारी शर्यत झाली का दुपारी सोडून देत जाईन.”

गुलाबरावांनीही नंतर तेच सांगितलं, रोजची गाडी आहे, घुंडीवाला घे. पण मी ऐकलं नाही, कारण जीपवाल्याचं हसणं कानात होतं.  त्या दिवशी अंगणातून उठताना आबा एवढंच म्हणाले होते, “पाह्य बापा. सोडाचं ध्यान ठेवजो.”

पुढच्याच शनिवारी म्हैस जिंकली. चाकांनी जमीन धरली, नाक वर उचललं, आणि दुसऱ्या दगडाशी जीप माझ्या आरशात होती. पोह्यांच्या टपरीवर मला तिघांनी उचललं. दुपारी मी गाडीखाली शिरलो, दोन्ही शॉकअप काढले, नरम केले, बसवले. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन गेलो. सुमनताईच्या गावी पोचल्यावर ते गाडीतून स्वतः उतरले आणि बागेत दोन ओळी चालून आले. ताईचे डोळे भरले होते. तिची सासू म्हणाली, “म्हातारा तर तरणा होऊन आला वं.” परतताना आबांनी आख्खा रस्ता गप्पा मारल्या. कुणी मला विचारलं, तुझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता, तर मी तोच सांगेन. जिंकण्याचा नाही. दुसरा.

तीन महिने मी ठरल्याप्रमाणे केलं. चौथ्या महिन्यात शनिवारी जिंकलो, टपरीवर उशीर झाला, दुपारी मित्र सोडेनात. बोल्ट गंजलेले, ऊन कडक. संध्याकाळी घरी आलो तर आबा खुंटीची दोरी ढिली करत होते. पाठमोरेच म्हणाले, “सोडला का?”

मी म्हणालो, “सोडला.”

इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी गाडी जपून चालवली, खड्डे चुकवले, आणि मागे पाहिलं नाही. आरशात पाहिलं. आबांचा जबडा आवळलेला होता. पण ते काही बोलले नाहीत, म्हणून मी स्वतःला पटवलं की काही झालंच नसावं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. “सोडला का?” “सोडला.” तोवर मला शॉकअप कडकच ठेवणं बरं वाटू लागलं होतं, उगाच काढ-घाल केली तर पकड बिघडते, असं काहीबाही मी गॅरेजात सांगत असे. गुलाबराव नुसते बघायचे.

त्या दुसऱ्या खेपेला सुमनताईच्या घरी एक गोष्ट झाली. आबांनी गाठोडं सोडून लुगडं काढलं. अंजिरी रंगाचं, काठाला बारीक नक्षी. ताईची नणंद शेजारी बसली होती. ताई हसत म्हणाली, “आबा, आता नका आणत जाऊ गा लुगडं. नऊवारी कोण नेसते आता? साऱ्याजणी पाचवारी पातळावर आल्या.” नणंदही हसली. आबाही हसले. मी तिथेच होतो. साधं लेकीनं बापाशी बोलावं तसं बोलणं होतं ते.

निघायच्या वेळी आबा गाडीत बसण्याआधी मागच्या चाकाशी थांबले. वर, पत्र्यावर तळहात ठेवला. दाबला. डोळे मिटले आणि गाडी वर येताना हात तसाच राहू दिला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“सोडला ना, वसंता?”

मला अजूनही वाटतं, तिथे मी खरं बोललो असतो तर ते हसले असते. मी म्हणालो, “सोडला, आबा.”

त्यांनी मान हलवली, दाराच्या कडेला धरून आत बसले. त्यानंतर ते कधीच त्या गाडीत बसले नाहीत. पुढच्या महिन्यात दादानं विचारलं, “चालता ना आबा?” तर म्हणाले, “यंदा मन नाही होत.” त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाले, मागावर काम आहे. आई म्हणाली, लेक वाट पाहत असेल. ते म्हणाले, “तिले म्हणा, तूच ये.” पण बागेचं घर, सासू आजारी, लहान मुलं, ती वर्षातून एकदा कशीबशी यायची. त्यांना गाडीचा त्रास होतो असं त्यांनी दादाला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादानं त्याच दिवशी गाडी विकली असती. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही. मी दर शनिवारी जिंकत राहिलो.

दोन वर्षांनी आबा गेले. मागच्या खोलीत, झोपेत. तेराव्याच्या दिवशी मी हात धुवायला आत गेलो तर चुलीपाशी सुमनताई वहिनीच्या गळ्यात पडून रडत होती. “मीनंच तोडलं त्यायले,” ती म्हणत होती. “लुगडं नका आणू म्हटलं. त्यायचा हात होता वं त्याच्यात. त्यायनं माहं दार सोडलं, मरेपर्यंत सोडलं.” वहिनी तिला समजावत होती, पण वहिनीलाही खरं कारण ठाऊक नव्हतं. ते एकट्या मलाच ठाऊक होतं. मी हातावर पाणी घेतलं आणि बाहेर येऊन पंगतीत बसलो. गाडी मी त्याच वर्षी दादाला विकायला लावली. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, आता तिच्यात दम नाही.

ताईला सांगायचं, असं मी कितीदा ठरवलं असेल! तिच्या मुलाच्या लग्नात, तिचे यजमान गेले तेव्हा, तिच्या मोतीबिंदूच्या वेळी. दर वेळी वाटायचं, आता कशाला जुनं काढायचं, ती विसरली असेल. ती विसरली नव्हती. तिच्या घरी नवी सून आली की ताई तिला एकच गोष्ट बजावायची: बापानं काही आणलं तर नको म्हणू नकोस.

रोहितनं माझं ऐकलं, घुंडीवाले शॉकअप घेतले. दिवाळीनंतर त्याच गाडीतून मी ताईच्या गावी गेलो. निघताना त्यानं डिकी उघडली, हात आत घालून दोन्ही बाजूच्या घुंड्या फिरवल्या. “तुमच्यासाठी एकदम नरम केली आजोबा,” तो म्हणाला. दहा सेकंदही लागले नसतील.

सुमनताई ओट्यावर बसली होती, पुढ्यात अंबिया बहराच्या संत्र्यांची टोपली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण डोळे अजून तीक्ष्ण. रोहित गाडी पुसत होता. तिनं एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं, तेव्हा मी ते तसंच धरून सगळं सांगितलं. शॉकअप, घुंडी, शनिवार, “सोडला का” आणि “सोडला”. आबांनी पत्र्यावर ठेवलेला हात. तेराव्याला मी दाराशी होतो, हेही. “ताई, ते तुह्या बोलण्यानं थांबले नव्हते,” मी म्हणालो, “माह्या खोटेपणानं थांबले.”

तिनं टोपलीतून दुसरं संत्रं उचललं. मग म्हणाली, “किती वेळ लागे गा ते सोडाले?”

“दीड तास.”

“एकाले?”

“दोन्हीले मिळून.”

“दीड तास,” ती म्हणाली. हातातलं संत्रं तिनं टोपलीत परत ठेवलं. “मी आख्खा रविवार या ओट्यावर बसून राहत होती, वसंता. तिकडे पांदणीवर धूळ उडाली का उठून पाहत होती. दोन वर्षं. पातळ सोडून नऊवारी नेसत होती मी, आबा आले तर दिसलं पाहिजे म्हणून. सासू हसे. म्हणे, बुढी झाली काय वं तू?”

मला माफ कर, असं मी म्हणालो असेन. नक्की आठवत नाही. तिनं ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. ती भिंतीला धरून उठली, चपला शोधल्या आणि ओटा उतरून गाडीपाशी गेली.

“रोहित, तुही गाडी कडक होते म्हणत होता ना? कर.”

“आजी, पांदण कशी आहे माहीत आहे ना? कंबर जाईन तुही.”

“कर म्हटलं ना.”

रोहितनं माझ्याकडे पाहिलं.  त्यानं डिकी उघडली आणि घुंडी फिरवू लागला. टक, टक, टक. ताई शेजारी उभी राहून ऐकत होती. “झाली पूर्ण?” “झाली.” मग ती मागच्या सीटवर बसली, डावीकडे, आबा बसत तिथे. मी पुढचं दार उघडलं तर म्हणाली, “तू भी मागंच बस.”

घरापासून फाट्यापर्यंत पांदण दीडेक मैल. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मध्ये दगड. रोहित हळू चालवत होता, तरी प्रत्येक दचका मणक्यातून थेट डोक्यात जात होता. ताईनं वरची कडी धरली होती. मी तिच्याकडे पाहिलं. जबडा आवळलेला. तोच जबडा, मी तो फक्त आरशात पाहिला होता, आज शेजारी पाहत होतो.

फाट्यावर रोहितनं गाडी थांबवली. ताईनं पदरानं तोंड पुसलं. तिचा श्वास लागला होता.

“याच्यापेक्षा जास्त होतं का?”

“जास्त होतं, ताई. गाडी जुनी होती. अन् रस्ता लांब होता.”

तिनं मान हलवली. रोहित उतरून डिकीकडे निघाला होता, घुंड्या नरम करायला. तिनं काचेतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “आबाले परत भी जावं लागत होतं.”